लाइट गेली की किल्लीही जायची: टाकीवरच्या एका गेटवेचं प्रकरण

राजापूर तालुक्यातली एक वाडी. वर सड्यावर पाण्याची साठवण टाकी, खाली ओढ्याकाठी विहीर आणि पंपघर. टाकीत पाणी किती उरलंय हे बघायला पंप चालवणाऱ्या काकांना दिवसातून दोनदा सडा चढावा लागायचा, पावसात जांभ्यावरून पाय घसरायचा. म्हणून टाकीवर पातळी मोजणारा सेन्सर बसवला आणि त्याच्या शेजारी लोखंडी पेटीत एक छोटा गेटवे, म्हणजे सेन्सरचा आकडा इंटरनेटवर पाठवणारा चिमुकला संगणक, ठेवला. गेटवेत लिनक्स, ६४ एमबी रॅम (वीज गेली की पुसली जाणारी), १६ एमबी फ्लॅश (वीज गेली तरी टिकणारी), बिझीबॉक्सच्या छोट्या आज्ञा, एसएसएचसाठी (दुरून सुरक्षितपणे आत शिरायची पद्धत) ड्रॉपबेअर हा छोटा प्रोग्रॅम आणि फोरजीचं सिम. दर पाच मिनिटांनी पातळी भाड्याच्या सर्व्हरवर जाते आणि काकांना ती मोबाइलवर दिसते.

मी राहतो पुण्यात. अणुस्कुरा घाट उतरून वाडीत पोचायचं म्हणजे एक अख्खा दिवस जातो. त्यामुळे गेटवेत दुरून शिरता येणं ही या कामातली सोय नव्हती, अटच होती. ते शिरणं लाइट गेल्यावरही टिकावं म्हणून काय काय करावं लागलं, त्याची ही पूर्ण नोंद.

अशा सिमवर सहसा सार्वजनिक आयपी पत्ता (इंटरनेटवर कुठूनही गाठता येणारा) मिळत नाही. मोबाइल कंपनी एका पत्त्यामागे कितीतरी ग्राहक ठेवते, त्यामुळे बाहेरून गेटवेचं दार ठोठावताच येत नाही. यावर रुळलेला उपाय म्हणजे उलटा बोगदा. गेटवे स्वतःहून सर्व्हरला एसएसएचनं जोडला जातो आणि सर्व्हरवरच्या एका पोर्टला स्वतःचं २२ नंबरचं पोर्ट बांधून ठेवतो. मी आधी सर्व्हरवर जायचं आणि तिथून त्या पोर्टातून गेटवेत उतरायचं.

जूनमध्ये पेटी बसवली तेव्हा हे सगळं टाकीवर बसूनच केलं. गेटवेवर किल्लीची जोडी बनवली (एसएसएचमध्ये पासवर्डऐवजी चालणाऱ्या दोन फाइली: खासगी आपल्याकडे, सार्वजनिक समोरच्याकडे), तिचा सार्वजनिक भाग सर्व्हरवर टाकला, माझ्या लॅपटॉपची सार्वजनिक किल्ली गेटवेच्या ऑथोराइज्ड-कीज फाइलमध्ये, म्हणजे कुणाला आत घ्यायचं त्या यादीत, टाकली. बोगदा उघडणारी आज्ञा गेटवेच्या वेबपानावर 'सुरू होताना चालवायच्या आज्ञा' या चौकटीत लिहिली. पुण्याला परत येऊन शिरून बघितलं, सगळं चालत होतं. चौथ्या दिवशी वाडीत पाऊस आणि विजा, लाइट गेली, दोन तासांनी आली. काकांचा फोन आला, "भाऊ, लाइट आली, पातळी पण दिसते. तुमचा तो बोगदा का काय तो चालू हाय ना?" नव्हता.

पातळी येत होती याचा अर्थ गेटवे सुरू होता, सिम चालत होतं, चौकटीतल्या आज्ञाही बहुतेक चालल्या होत्या. फक्त मला आत जाता येत नव्हतं. दुसऱ्या दिवशी निघालो. टाकीवर लॅपटॉप केबलनं जोडला, पासवर्डनं आत गेलो आणि लॉग बघितला. बोगद्याची आज्ञा चालली होती, पण तिला स्वतःची किल्लीच सापडली नव्हती. रूटच्या, म्हणजे मुख्य वापरकर्त्याच्या, घरातलं (त्याच्या स्वतःच्या फोल्डरातलं) डॉट-एसएसएच फोल्डर गायब होतं. गेटवेची किल्ली गेली, माझी गेली, सर्व्हरची ओळख लिहिलेली नोन-होस्ट्स फाइल गेली. शिवाय लॅपटॉपनं जोडताना मोठ्या अक्षरांत इशारा दिला होता की या यंत्राची ओळख बदलली आहे. म्हणजे गेटवेची स्वतःची होस्ट की, जिच्यावरून जोडणारा त्याला ओळखतो, तीसुद्धा नवीन झाली होती.

तिथे बसूनच, कुठलं फोल्डर कशावर साठवलंय हे दाखवणारी माउंट ही आज्ञा चालवली. पेटी बसवायच्या आधी चालवायला हवी होती ती हीच. मुख्य फाइलप्रणाली स्क्वॅशएफएस होती: दाबून भरलेली आणि फक्त वाचता येणारी. ईटीसी (सेटिंग्ज), व्हार (बदलत्या नोंदी) आणि रूटचं घर या तीन जागा टीएमपीएफएसवर, म्हणजे रॅममध्ये होत्या. चालू होताना गेटवे मूळ प्रतीवरून त्या भरतो आणि वीज गेली की त्या पुसल्या जातात. फ्लॅशवर लिहिता येण्याजोगी जागा एकच होती, जेएफएफएस२ चं १ एमबीचं सेटिंग्जचं विभाजन. वेबपानावर लिहिलेल्या आज्ञा त्यात जात होत्या, म्हणून त्या टिकल्या. मी एसएसएचनं आत जाऊन जे जे हातानं केलं ते सगळं रॅममध्ये राहिलं.

ही रचना वाईट नाही. मुख्य फाइलप्रणालीवर लिहिताच येत नसेल तर वीज कुठल्याही क्षणी गेली तरी ती बिघडत नाही, आणि खेड्यातल्या टाकीवर हेच हवं असतं. राउटरसाठीचं ओपनडब्ल्यूआरटी हे लिनक्स वापरणाऱ्यांना ही अडचण सहसा येत नाही, कारण तिथे स्क्वॅशएफएसवर लिहिता येणारा ओव्हरलेचा थर असतो. ड्रॉपबेअरच्या फोल्डरमध्ये ठेवलेली रूटची ऑथोराइज्ड-कीज फाइल त्या थरात राहते, आणि सेटिंग्ज राखून केलेल्या अपग्रेडमध्येही टिकते. आमच्या गेटवेच्या फर्मवेअरमध्ये (आत भरून आलेल्या सॉफ्टवेअरमध्ये) तसा थर नव्हता. 'लिनक्स आहे, फाइल ठेवली की राहते' ही टेबलावरच्या संगणकाची सवय मी सड्यावर घेऊन गेलो होतो.

त्या दिवशी बोगदा हातानं पुन्हा उघडला आणि परतलो. येताना ठरवलं की टाकीवर प्रयोग करायचे नाहीत. तसाच दुसरा गेटवे विकत घेतला आणि पुण्यात टेबलावर मांडला. त्याच्या बोर्डवर सीरियल कन्सोलच्या, म्हणजे नेटवर्कशिवाय थेट तारेनं आत शिरायच्या, पिना आहेत. ३.३ व्होल्टचा यूएसबी-सीरियल जोड लावून ११५२०० च्या वेगावर आतलं सगळं दिसतं. एसएसएच पूर्ण बंद पडलं तरी आत जायला एक वाट हातात होती, आणि ती असल्यामुळेच पुढचं सगळं निवांत करता आलं.

पहिला उपाय सरळ होता. टिकणाऱ्या विभाजनात एक फोल्डर करायचं, सगळ्या किल्ल्या तिथे ठेवायच्या आणि चालू होताना त्या रूटच्या घरात कॉपी करायच्या. चौकटीत चार ओळी लिहिल्या, प्लग काढला, लावला. गेटवेचा बोगदा उघडला. पण माझी किल्ली नाकारली गेली. लॅपटॉपवर फक्त 'परमिशन डिनाइड' दिसत होतं. ऑथोराइज्ड-कीज फाइल जागेवर होती, मजकूर अक्षरशः तोच होता. अर्धा दिवस मी किल्लीतच चूक शोधत राहिलो.

उत्तर गेटवेच्या लॉगमध्ये होतं. ड्रॉपबेअर किल्ली वाचण्याआधी तीन जागांचे अधिकार तपासतो: वापरणाऱ्याचं घर, त्यातलं डॉट-एसएसएच फोल्डर आणि फाइल. या तीनपैकी कशावरही मालक सोडून इतर कुणाला लिहिता येत असेल, तर तो फाइलकडे बघतच नाही. डॉट-एसएसएच आणि फाइल दोन्ही ठीक होत्या. पण रूटचं घर टीएमपीएफएसवर होतं, आणि वेगळं काही सांगितलं नाही तर टीएमपीएफएसचं मूळ फोल्डर सगळ्यांना लिहिता येईल अशाच अधिकारांनी माउंट होतं. पहिल्या दिवशी टाकीवर मी घराचे अधिकार सवयीनं ७००, म्हणजे फक्त मालकापुरते, केले होते आणि ते विसरून गेलो होतो. स्क्रिप्टला माझी सवय कुठून माहीत असणार! घराचे अधिकार बदलणारी एक ओळ वाढवली आणि किल्ली चालली.

इथे एक आडवाट सांगतो, कारण बरेच जण तिकडे वळतात. एसडी कार्ड किंवा पेनड्राइव्ह लावून त्यावर किल्ल्या ठेवायच्या. पण ती कार्डं बहुधा फॅट पद्धतीनं फॉरमॅट केलेली असतात आणि फॅटमध्ये मालक-अधिकार नावाची गोष्टच नसते. तिथल्या फाइली थेट वापरायला गेलं की अधिकारांची तपासणी पुन्हा आडवी येऊ शकते. शिवाय दमट हवेत कार्डाचे संपर्क किती टिकतील याची मला शाश्वती वाटत नाही.

किल्ली कुठली निवडायची यातही वेळ गेला, पण तो सत्कारणी लागला. माझ्या लॅपटॉपवर ईडी२५५१९ या नव्या जातीची किल्ली होती. गेटवेतला ड्रॉपबेअर २०१७ चा, आणि ईडी२५५१९ ची ओळख ड्रॉपबेअरला झाली २०२० मध्ये. मग जुनी आरएसए जात? जुना ड्रॉपबेअर आरएसएची सही एसएचए१ या आता कमकुवत ठरलेल्या पद्धतीनं करतो, आणि ओपनएसएसएचनं (माझ्या लॅपटॉपवरचा एसएसएच प्रोग्रॅम) सप्टेंबर २०२१ च्या ८.८ आवृत्तीपासून ती सही मुळातच बंद केली. लॅपटॉपच्या सेटिंगमध्ये एक ओळ टाकून ती परत चालू करता येते आणि बहुतेक ठिकाणी हाच सल्ला मिळतो. मला तो पटत नाही. एका जुन्या पेटीसाठी आपलं दार सैल करायचं आणि पुढे ती ओळ तिथेच विसरायची, असं होतं. ईसीडीएसएची २५६ बिटांची किल्ली या ड्रॉपबेअरला कळते आणि आजच्या ओपनएसएसएचलाही काही न बदलता चालते. म्हणून या कामापुरती वेगळी ईसीडीएसए किल्ली बनवली, गेटवेची होस्ट कीही त्याच जातीची केली, आणि दोन्ही बाजू न कुरकुरता जुळल्या.

फाइल पाठवतानाही वयाचं असंच अंतर आडवं आलं. ओपनएसएसएच ९.० पासून, म्हणजे एप्रिल २०२२ पासून, फाइल पाठवणारी एससीपी ही आज्ञा आतून एसएफटीपी ही दुसरी पद्धत वापरते. गेटवेवर एसएफटीपीचा सर्व्हर नव्हता, त्यामुळे फाइल जायचीच नाही. कॅपिटल ओ हा पर्याय दिला की जुनी पद्धत वापरली जाते आणि काम होतं.

आता होस्ट की. माझ्या मते या प्रकरणातला सर्वात दुर्लक्षित भाग हाच. गेटवेचं फर्मवेअर प्रत्येक वेळी चालू होताना रॅममध्ये नवी होस्ट की बनवायचं. आधीचे दोन आठवडे टाकीवर काय किंवा पुण्यात काय, लाइट गेली-आली की लॅपटॉप 'ओळख बदलली' म्हणायचा आणि मी नोन-होस्ट्समधली ओळ पुसून पुढे जायचो. बोटांना त्याची सवय झाली होती. उद्या कुणी खरंच मध्ये येऊन बसलं असतं, तरी मी तीच ओळ पुसून त्याला पासवर्ड दिला असता. आपली किल्ली टिकली पण यंत्राची ओळख टिकली नाही, तर काम अर्धंच झालं.

त्यातही नवी होस्ट की चालू होतानाच बनणं हा वेगळा धोका आहे. लहान यंत्राकडे सुरुवातीच्या सेकंदांत, किल्ली बनवायला लागणाऱ्या यादृच्छिकतेचा (अंदाज न येणाऱ्या आकड्यांचा) साठा फार थोडा असतो: हार्डडिस्क नाही, कीबोर्ड नाही, घड्याळ १९७० पासून सुरू. हेनिंगर, डुरुमेरिक, वुस्ट्रो आणि हॉल्डरमन यांनी २०१२ मध्ये इंटरनेटवरची यंत्रं तपासली, तेव्हा त्यांना एसएसएच यंत्रांपैकी १.०३ टक्क्यांच्या डीएसए जातीच्या खासगी किल्ल्या काढता आल्या होत्या. अशा कमकुवत किल्ल्यांमध्ये मोठा वाटा राउटरसारख्या छोट्या यंत्रांचा होता. त्यानंतर लिनक्सचं कर्नल (गाभा) पुष्कळ सुधारलं, पण आमच्या गेटवेतलं कर्नल जुनं होतं. म्हणून लॅपटॉपवर ड्रॉपबेअरचं पॅकेज टाकलं, होस्ट की आणि बोगद्याची किल्ली तिथेच बनवल्या, केबलनं गेटवेत नेल्या आणि लॅपटॉपवरून पुसल्या. ड्रॉपबेअरची फाइल सगळ्या प्रोसेसरांवर एकाच रूपात असते, त्यामुळे रूपांतर करावं लागलं नाही.

होस्ट की नुसती कॉपी करून मात्र भागत नाही. ऑथोराइज्ड-कीज प्रत्येक लॉगिनला नव्यानं वाचली जाते. होस्ट की ड्रॉपबेअर सुरू होताना एकदाच वाचतो. चौकटीतल्या आज्ञा चालतात तोवर ड्रॉपबेअर आधीच उठलेला असतो, रॅममधली ताजी की हातात घेऊन. म्हणून कॉपीनंतर त्याला पुन्हा सुरू करावं लागतं. हे दुरून करताना सगळे ड्रॉपबेअर एकदम मारले तर आपण बसलोय ती फांदीही तुटते. पीआयडी फाइलमध्ये ज्याचा नंबर लिहिलेला असतो तो मूळ प्रोसेसच तेवढा थांबवला की चालू सत्र शाबूत राहतं, कारण प्रत्येक सत्राचा प्रोसेस वेगळा असतो.

सर्व्हरच्या ओळखीचंही तेच. नोन-होस्ट्स नसेल तर ड्रॉपबेअरचा क्लायंट 'हा सर्व्हर ओळखीचा आहे का' असं विचारतो, पण पेटीत उत्तर द्यायला कुणी नसतं. छोटा वाय हा पर्याय दिला की तो अनोळखी सर्व्हरही स्वीकारतो. माझ्या पहिल्या स्क्रिप्टमध्ये हा पर्याय होता. तो काढला, कारण त्यानं गेटवे कुणाही तोतयाला जाऊन जोडला गेला असता आणि स्वतःचं लॉगिनचं दार त्याच्यासमोर उघडून बसला असता. त्याऐवजी सर्व्हरची ओळ टिकणाऱ्या फोल्डरमध्ये ठेवली. माझ्या लॅपटॉपवरची ओळ उचलून चालली नाही, कारण उबुंटूवर नोन-होस्ट्समधली नावं हॅश करून, म्हणजे ओळखू येणार नाहीत अशी बदलून, लिहिलेली असतात आणि ड्रॉपबेअरला ती वाचता येत नाहीत. गेटवेवरूनच एकदा जोडून, सर्व्हरवर बघितलेल्या ठशाशी (किल्लीच्या छोट्या ओळखखुणेशी) ताडून ती ओळ घेतली. ताडताना ठसा एमडी५ या जुन्या रूपात काढावा लागला, आमचा ड्रॉपबेअर तोच दाखवतो.

टेबलावर प्लग काढून-लावून बघताना आणखी एक गोष्ट सापडली, जी टाकीवर सापडली असती तर मला पुन्हा घाट उतरायला लागला असता. वीज अचानक गेली की सर्व्हरला ते कळत नाही. त्याच्या लेखी जुना बोगदा जिवंतच असतो आणि पोर्ट त्याच्याकडेच राहतं. दीड मिनिटात गेटवे परत उठतो, नवा बोगदा काढतो, पण पोर्ट मिळत नाही. किल्ल्या सगळ्या बरोबर, जोडणी झालेली, तरी दार बंद. सर्व्हरवर दर ३० सेकंदांनी विचारपूस आणि तीनदा उत्तर नाही आलं तर जोडणी तोडायची, असं ठरवलं. म्हणजे ९० सेकंदांत जुनं पोर्ट सुटतं. गेटवेच्या बाजूला पोर्ट नाही मिळालं तर बाहेर पडायचं आणि थोडं थांबून पुन्हा प्रयत्न करायचा, असा फेरा लावला.

एवढं केल्यावर मनात एकच भीती उरली होती, पेटी चोरीला जाण्याची. बोगद्याची खासगी किल्ली आता फ्लॅशवर कायमची होती, पेटी नेणाऱ्याला ती मिळणारच. त्यामुळे सर्व्हरवर त्या किल्लीसाठी वेगळं खातं केलं. शेल नाही (म्हणजे आज्ञा चालवता येत नाहीत), फॉरवर्डिंग फक्त उलट दिशेचं, आणि ऐकायला फक्त ते एक ठरलेलं पोर्ट. ती किल्ली घेऊन कुणी आलाच तर एक रिकामं पोर्ट बांधून बसेल, त्यापलीकडे त्याला सर्व्हरवर काही करता येणार नाही.

टेबलावर वीस वेळा प्लग काढला. काही वेळा नुसताच, काही वेळा फाइल लिहिली जात असताना. लिहिताना नेहमी बाजूला नवी फाइल, मग सिंक (ती फ्लॅशवर पक्की उतरवणं), मग जुनीच्या नावावर ती सरकवायची, हा क्रम ठेवला. त्यामुळे वीज मधेच गेली तरी जुनी फाइल पूर्ण राहते. विसाव्या वेळेपर्यंत एकदाही ठसा बदलला नाही, एकदाही किल्ली हरवली नाही. मग तीच मांडणी टाकीवर नेली, काकांना पेटीचा एमसीबी तीनदा पाडायला लावला आणि प्रत्येक वेळी मोबाइलच्या नेटवरून आत शिरून दाखवलं. पासवर्डचं लॉगिन मात्र त्या दिवशी बंद केलं नाही. आठवडाभर जाऊ दिला, त्यात लाइट चारदा गेली, चारही वेळा आत जाता आलं, आणि त्यानंतर ड्रॉपबेअरला पासवर्ड न स्वीकारण्याचा पर्याय दिला. तो देताना एक सत्र उघडं ठेवून दुसऱ्यानं शिरून बघितलं, तेव्हाच पहिलं बंद केलं.

पेटीत बॅटरी का नाही लावली, असं मला विचारलं गेलं. नंतर लावली. पण बॅटरीमुळे वीज जाण्याचा क्षण फक्त पुढे ढकलला जातो. पावसाळ्यात वाडीत लाइट दीड दिवस नसते, आणि बॅटरीच्या भरवशावर रॅममध्ये किल्ल्या ठेवल्या असत्या तर तो क्षण आणखी गैरसोयीच्या वेळी आला असता.

फॅक्टरी रीसेटचं बटण दाबलं तर टिकणारं विभाजनही पुसलं जातं. ते तसंच ठेवलं. पेटी दुसऱ्याच्या हातात गेली तर रीसेट म्हणजे खरोखरचं रीसेट असावं, असं मला वाटतं. रीसेटनंतर पेटी पुन्हा उभी करायला लागणाऱ्या सगळ्या फाइलींची एक प्रत कूटबद्ध करून माझ्याकडे आहे.

गणपतीच्या सुमारास वाडीतल्या एका मुलाला, जो मोबाइल दुरुस्ती करतो, त्याची स्वतःची किल्ली दिली, म्हणजे मी नसताना तो बघू शकेल. नोव्हेंबरमध्ये तो कामासाठी मुंबईला गेला आणि त्यानंच सांगितलं, "दादा, माझी किल्ली काढून टाका." मी आत गेलो, ऑथोराइज्ड-कीजमधली त्याची ओळ पुसली, त्याला करून बघायला सांगितलं. नाकारलं गेलं. दोन दिवसांनी लाइट गेली. परत आल्यावर मी सहज ती फाइल उघडली तर त्याची ओळ जागच्या जागी. मी रॅममधली प्रत पुसली होती. टिकणाऱ्या फोल्डरमधून चालू होताना ती पुन्हा भरली गेली. जी यंत्रणा किल्ली हरवू नये म्हणून उभी केली, तिनंच काढलेली किल्ली परत आणून ठेवली होती. तो मुलगा भला आहे म्हणून काही बिघडलं नाही.

आता किल्ली काढायची तर आधी टिकणाऱ्या प्रतीतून, मग चालू प्रतीतून. त्यानंतर काकांना फोन करून एमसीबी पाडायला सांगतो आणि पेटी उठली की काढलेल्या किल्लीनं शिरून बघायला लावतो. त्या मुलानं मुंबईतून करून बघितलं. उत्तर आलं, परमिशन डिनाइड.